इगतपुरीची वीजसीमा : स्वप्रवर्तन, अन्योन्य प्रवर्तन आणि नाशिक जिल्ह्यातील लोहमार्ग

मुंबईहून ईशान्येकडे निघालेला लोहमार्ग कसाऱ्याचा घाट चढून नाशिक जिल्ह्यात शिरतो तो इगतपुरीला, आणि या स्थानकावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ चार दशके दोन भिन्न विद्युत पद्धतींची सीमा होती. सीमेच्या पश्चिमेला, म्हणजे घाटात आणि खाली कल्याणपर्यंत, डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्ट दाबाचा दिष्ट प्रवाह असे, तर पूर्वेला घोटी, देवळाली, नाशिक रोड, निफाड, मनमाड या बाजूला २५,००० व्होल्ट दाबाचा आणि सेकंदाला ५० वेळा दोलायमान होणारा प्रत्यावर्ती प्रवाह असे. प्रवाशांना ही सीमा जाणवे ती इंजिन बदलण्यासाठी होणाऱ्या थांब्यामुळे. अभियंत्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ याहून खोल होता, कारण सीमेच्या एका बाजूला रेल्वेची तार शेजारच्या तारांना जवळजवळ उपद्रव देत नसे आणि दुसऱ्या बाजूला तीच तार मैलोगणती दूरध्वनीच्या व तारायंत्राच्या वाहकांत नको असलेला विद्युत दाब उत्पन्न करीत असे. या फरकाच्या मुळाशी विद्युतशास्त्रातील दोन राशी आहेत, स्वप्रवर्तकत्व आणि अन्योन्य प्रवर्तकत्व. त्यांच्यातील नाते सैद्धांतिक पातळीवर एकोणिसाव्या शतकातच उलगडले होते, परंतु त्या नात्याची किंमत आणि उपयुक्तता महाराष्ट्रात कोठे रोकडीने कळली असेल तर ती या लोहमार्गावर.

सिद्धांताची जडणघडण

वाहकातून प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि हे क्षेत्र बदलू लागले की ते ज्या मंडलाला व्यापते त्या मंडलात विद्युत दाब उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद केला की, त्याच्याशी कोणताही धातूचा जोड नसलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर प्रवाह येई. या घटनेला पुढे अन्योन्य प्रवर्तन म्हटले गेले. अमेरिकेत अल्बनी येथे अध्यापन करणाऱ्या जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये वेगळीच बाजू प्रसिद्ध केली. लांब तारेतून वाहणारा प्रवाह तोडताना तोडलेल्या जागी जोरदार ठिणगी पडते, याचा अर्थ बदलते क्षेत्र ज्या तारेने ते निर्माण केले त्या तारेतही दाब उत्पन्न करते आणि तो दाब प्रवाहातील बदलाला विरोध करतो. हे स्वप्रवर्तन होय. असा उत्पन्न झालेला दाब नेहमी बदलाच्या विरोधात असतो, हा सर्वसाधारण नियम हाइनरिख लेंत्स यांनी १८३४ मध्ये मांडला.

या दोन घटना वेगवेगळ्या प्रयोगांतून पुढे आल्यामुळे त्या स्वतंत्र आहेत असे वाटणे स्वाभाविक होते. त्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम कोनिग्सबर्ग येथील फ्रान्झ नॉयमान यांनी १८४५ मध्ये केले. त्यांच्या सूत्रानुसार पहिल्या वाहकाचा प्रत्येक लहान तुकडा दुसऱ्या वाहकाच्या प्रत्येक लहान तुकड्याशी जोडीने घ्यायचा, दोघांच्या लांबींचा दिशेसह गुणाकार करून त्याला त्यांच्यातील अंतराने भागायचे आणि अशा सर्व जोड्यांची बेरीज करायची, की त्या दोन वाहकांचे अन्योन्य प्रवर्तकत्व मिळते. यात पहिला वाहक आणि दुसरा वाहक यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते, म्हणून पहिल्याचा दुसऱ्यावर जेवढा परिणाम तेवढाच दुसऱ्याचा पहिल्यावर. रेल्वेची जाड तार दूरध्वनीच्या बारीक तारेवर जो गुणांक चालवते तोच गुणांक उलट दिशेनेही चालतो. फरक पडतो तो केवळ प्रवाहांच्या आकारमानामुळे.

आता सूत्रातील दोन्ही जागी एकच वाहक ठेवला तर मिळायला हवे ते त्याचे स्वप्रवर्तकत्व, म्हणजे वाहकाचे स्वतःशीच असलेले अन्योन्य प्रवर्तकत्व. येथे मात्र एक अडचण येते. तार जाडी नसलेली रेषा मानली तर तिचा प्रत्येक तुकडा स्वतःपासून शून्य अंतरावर असतो आणि बेरीज अनंत होते. खऱ्या तारेला जाडी असते, प्रवाह तिच्या छेदभर पसरलेला असतो, त्यामुळे तिच्याकडे असंख्य बारीक तंतूंची जुडी म्हणून पाहता येते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी या तंतूंमधील अंतरांची भौमितिक सरासरी काढण्याची रीत दिली आणि तिने हा पेच सुटला. गोल छेदाच्या भरीव तारेसाठी ही सरासरी त्रिज्येच्या ०.७७८८ पट येते. याचा अर्थ असा, की तारेचे स्वप्रवर्तकत्व काढायचे असेल तर तेवढ्या अंतरावर ठेवलेल्या दोन काल्पनिक तंतूंचे अन्योन्य प्रवर्तकत्व काढले म्हणजे पुरते. दोन राशींचे सूत्र एकच, फक्त अंतराच्या जागी एकदा शेजाऱ्याचे अंतर आणि एकदा स्वतःच्या जाडीतून आलेली सरासरी घालायची.

या नात्याला एक मर्यादाही आहे. दोन वाहकांभोवतीच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा कोणत्याही परिस्थितीत ऋण होऊ शकत नाही, आणि या एका अटीवरून असे निष्पन्न होते की अन्योन्य प्रवर्तकत्व दोन्ही स्वप्रवर्तकत्वांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाहून मोठे असू शकत नाही. प्रत्यक्ष अन्योन्य प्रवर्तकत्वाचे या कमाल मर्यादेशी असलेले गुणोत्तर म्हणजे युग्मन गुणांक. दूरदूरच्या तारांसाठी तो शून्याच्या जवळ असतो, चांगल्या रोहित्राच्या वेटोळ्यांसाठी एकाच्या जवळ. प्रवर्तकत्वासाठी आज वापरात असलेला इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केला आणि त्याच्या एककाला हेन्री यांचे नाव १८९३ च्या शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मिळाले. हेविसाइड हे एके काळचे तारायंत्र कर्मचारी होते. प्रवर्तनाचा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर सर्वप्रथम तारा टाकणाऱ्यांना भेडसावला होता, हे यावरून ध्यानात यावे.

घाटातील दिष्ट प्रवाह

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातील, म्हणजे कसारा ते इगतपुरी हा चढ १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. येथील कमाल चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे, आणि वाफेच्या इंजिनांना तो नेहमीच जड गेला. मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली, आणि १९२९ व १९३० या दोन वर्षांत कल्याणपासून एकीकडे पुण्यापर्यंत व दुसरीकडे इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण पुरे झाले. विजेसाठी कल्याणजवळ चोळा येथे रेल्वेने स्वतःचे औष्णिक केंद्र उभारले. घाटातील मालगाड्यांसाठी स्विस धर्तीची लांब नाकाड्याची इंजिने आली, जी पुढे डब्ल्यूसीजी-१ या नावाने ओळखली गेली आणि मगरीसारख्या आकारामुळे ‘क्रोकोडाइल’ म्हणून प्रसिद्ध झाली.

त्या काळी १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह निवडण्याची कारणे मुख्यतः इंजिनातील मोटरींशी संबंधित होती, कारण ओढकामाला सर्वांत सोयीची मोटर दिष्ट प्रवाहावर चालणारी होती आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचे रूपांतर चालत्या इंजिनात करण्याची साधने तेव्हा व्यवहार्य नव्हती. या निवडीचा एक अनुषंगिक लाभ मात्र मोठा होता. दिष्ट प्रवाह स्थिर असतो, स्थिर प्रवाहाचे क्षेत्रही स्थिर असते, आणि स्थिर क्षेत्र कोणत्याही शेजारच्या वाहकात दाब उत्पन्न करीत नाही. लोहमार्गाच्या कडेने खांबांवर धावणाऱ्या तारायंत्राच्या तारा, ज्यांपैकी कित्येकांचा परतीचा मार्ग थेट जमिनीतून असे, घाटातील शेकडो अँपिअर प्रवाहाच्या सान्निध्यातही फारशा बिघडल्या नाहीत. प्रत्यावर्ती विजेपासून दिष्ट प्रवाह बनवताना उरणाऱ्या बारीक तरंगांचा आवाज दूरध्वनीत येऊ शकत असे, पण तो उपकेंद्रातच गाळण्या बसवून आवरता येत असे.

स्वप्रवर्तन मात्र दिष्ट पद्धतीतही डोके वर काढी, आणि तेही नेमके अपघाताच्या वेळी. तार व रूळ यांच्या मंडलाचे स्वप्रवर्तकत्व किलोमीटरला सुमारे २ मिलीहेन्री धरले, तर पाच किलोमीटरच्या टप्प्यात ते १० मिलीहेन्री होते, आणि त्यातून ५,००० अँपिअरचा दोषप्रवाह वाहत असताना क्षेत्रात सव्वा लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. मंडल तोडणाऱ्या स्विचला ही सर्व ऊर्जा ठिणगीच्या रूपाने गिळावी लागते. प्रत्यावर्ती प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला आपोआप शून्यावर येतो, दिष्ट प्रवाह तसा येत नाही. त्यामुळे दिष्ट उपकेंद्रांत अतिवेगवान परिपथ-खंडकांवर इतका भर दिला गेला. हेन्रींनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या ठिणगीचेच हे घाटातील रूप होते.

दिष्ट पद्धतीची खरी अडचण दाब कमी असण्यात होती. तीन हजार किलोवॉट शक्ती १,५०० व्होल्टने पुरवायची तर २,००० अँपिअर प्रवाह लागतो, २५,००० व्होल्टने पुरवायची तर केवळ १२० अँपिअर. कमी दाबासाठी तांबे जास्त लागे आणि उपकेंद्रे काही किलोमीटरांवर उभारावी लागत. मुंबईच्या दाट लोकल वाहतुकीला हा खर्च परवडत होता, पण नाशिक, मनमाड, भुसावळकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या मार्गाला परवडणारा नव्हता.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा निर्णय

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या रेल्वेने ५० हर्ट्‌झच्या, म्हणजे सर्वसाधारण औद्योगिक वारंवारतेच्या प्रवाहावर गाड्या चालवण्याचे यशस्वी प्रयोग केले आणि भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये तीच २५,००० व्होल्टची पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. देशात तिचा पहिला वापर १९५९-६० मध्ये राजखरसावां ते डोंगवापोसी या पूर्वेकडील खनिज मार्गावर झाला. मध्य रेल्वेवर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इगतपुरीपासून भुसावळच्या दिशेने ही पद्धत आली आणि इगतपुरीची सीमा अस्तित्वात आली.

जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांत रेल्वेसाठी १६⅔ हर्ट्‌झ इतकी कमी वारंवारता पूर्वीपासून होती. शेजारच्या तारेत उत्पन्न होणारा दाब वारंवारतेच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, तेवढ्याच प्रवाहासाठी ५० हर्ट्‌झची पद्धत त्याच्या तिप्पट दाब उत्पन्न करते. सार्वजनिक वीजजाळ्यातून थेट वीज घेण्याची सोय ज्या वारंवारतेमुळे मिळाली त्याच वारंवारतेमुळे टपाल व तार खात्यापुढे आणि रेल्वेच्या स्वतःच्या संदेशवहनापुढे नवा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न किती मोठा होता याचा अंदाज अमेरिकेच्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीतील जॉन कार्सन यांनी १९२६ मध्ये दिलेल्या सूत्रांवरून येतो. त्याच वर्षी जर्मनीत फेलिक्स पोलाचेक यांनीही स्वतंत्रपणे हाच प्रश्न सोडवला होता. डोक्यावरच्या तारेतून गेलेला प्रवाह रुळांतून परततो खरा, पण त्याचा मोठा हिस्सा रुळांतून जमिनीत उतरतो. जमिनीतील ही परतवाट तारेखाली बऱ्याच खोलवर एक काल्पनिक वाहक असल्यासारखी वागते, आणि तिची खोली जमिनीच्या विद्युत रोधावर अवलंबून असते. जमिनीचा रोध १०० ओम-मीटर असेल तर ५० हर्ट्‌झला ही समतुल्य खोली सुमारे ९३० मीटर येते, आणि तोच रोध १,००० ओम-मीटर धरला तर ती तीन किलोमीटरच्या आसपास जाते. सह्याद्रीच्या कोरड्या बेसाल्ट खडकात रोध जास्त असतो, म्हणजे तेथे परतीची वाट अधिक खोल, तार व परतवाट यांमधील वेढा अधिक रुंद आणि शेजारच्या तारेवरील परिणाम अधिक.

आकडे घेऊन पाहिले तर दोन प्रवर्तकत्वांचे नाते अधिक स्पष्ट होते. रेल्वेच्या संपर्क तारेचा छेद १०७ चौरस मिलिमीटर असतो, त्यातून मॅक्सवेल यांच्या रीतीने येणारी सरासरी सुमारे साडेचार मिलिमीटर. जमिनीचा रोध १०० ओम-मीटर धरल्यास अशा एकट्या तारेचे स्वप्रवर्तकत्व किलोमीटरला सुमारे २.४ मिलीहेन्री येते. याच सूत्रात साडेचार मिलिमीटरच्या जागी ३० मीटर हे शेजारच्या दूरध्वनी तारेचे अंतर घातले की अन्योन्य प्रवर्तकत्व मिळते, आणि ते येते ०.६९ मिलीहेन्री. अंतर सहा हजार पटींहून अधिक वाढले तरी राशी केवळ साडेतीन पटींनी घटली, कारण ती अंतराच्या लॉगरिदमने बदलते. दूरध्वनीचे खांब ३० वरून १०० मीटरवर हलवले तरी हा आकडा ०.४५ च्या आसपास राहतो, म्हणजे फक्त एक तृतीयांशाने कमी होतो. रुळांची मदत हिशेबात न धरता बोलायचे तर, ३० मीटरवरच्या समांतर तारेत १०० अँपिअर प्रवाहामुळे दर किलोमीटरला सुमारे २२ व्होल्ट उत्पन्न होतात, दहा किलोमीटरच्या समांतर धावेत दोनशेहून अधिक. रुळांमुळे यातील बराच भाग कमी होतो, तरीही तारांवर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेली मर्यादा नेहमीच्या स्थितीत ६० व्होल्ट आणि दोषाच्या क्षणी ४३० व्होल्ट असल्यामुळे केवळ तारा दूर नेऊन प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

दूरध्वनीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन किंवा खांबागणिक त्यांच्या जागांची अदलाबदल करून बोलण्यातील खरखर कमी करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच माहीत होती. या युक्तीने दोन्ही तारांत सारखाच दाब उत्पन्न होतो आणि त्यांच्यातील फरक नाहीसा होतो. परंतु दोन्ही तारांचा मिळून जमिनीच्या तुलनेत जो दाब चढतो तो तसाच राहतो, आणि निरोधक, उपकरणे व माणूस यांना धोका असतो तो याच दाबापासून. जमिनीतून परतणाऱ्या एकेरी तारायंत्राला तर या युक्तीचा उपयोगच नव्हता.

दोन उपाय

भारतीय रेल्वेने या प्रश्नावर जे उपाय वापरले त्यांतील दोन विशेष लक्षणीय आहेत, कारण दोन्ही स्वप्रवर्तन आणि अन्योन्य प्रवर्तन यांच्या नात्यावरच उभे आहेत. पहिला उपाय बूस्टर रोहित्राचा. खांबांवर संपर्क तारेच्या जोडीने आणखी एक परतीची तार, व्यवहारातील रिटर्न कंडक्टर, ओढली जाते आणि सरासरी २.६६ किलोमीटरवर १५० किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे एक रोहित्र बसवले जाते. त्याच्या दोन्ही वेटोळ्यांचे फेरे सारखे असतात, एक वेटोळे संपर्क तारेच्या मार्गात आणि दुसरे परतीच्या तारेत. रोहित्राचा युग्मन गुणांक एकाच्या जवळ असल्यामुळे एका वेटोळ्यातून जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसऱ्यातून उलट दिशेने जाणे भाग पडते. जमिनीत पसरू पाहणारा परतीचा प्रवाह अशा रीतीने रुळांतून वर खेचला जाऊन खांबावरच्या तारेत येतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांपासून काही मीटरच दूर राहिले की दूरच्या तारेवर त्यांचे परिणाम जवळजवळ छेदले जातात. वरच्याच उदाहरणात एक तार ३० आणि दुसरी ३३ मीटरवर धरली, तर निव्वळ अन्योन्य प्रवर्तकत्व ०.६९ वरून ०.०१९ मिलीहेन्रीवर, म्हणजे छत्तिसाव्या हिश्शावर येते. गाडी आणि तिच्या लगतचे रोहित्र यांमधील तुकड्यात मात्र प्रवाह रुळांतच राहतो, म्हणून रोहित्रे फार लांब ठेवता येत नाहीत.

या उपायाची किंमत स्वप्रवर्तनाच्या खात्यात पडते. एकेरी मार्गाच्या तारेचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, साध्या रचनेत किलोमीटरला सुमारे ०.४१ ओम असतो, आणि बूस्टर रोहित्रे व परतीची तार घातल्यावर तो सुमारे ०.७० ओम होतो. जमिनीची रुंद व कमी रोधाची वाट बंद केली आणि रोहित्रांची वेटोळी मालिकेत आणली, याचा हा परिणाम. गाडीपर्यंत पोहोचेतो दाब अधिक घसरतो आणि तो सांभाळण्यासाठी वीजपुरवठ्याची उपकेंद्रे अधिक जवळ आणावी लागतात. शेजाऱ्याचे नुकसान टाळण्यासाठी रेल्वेने स्वतःच्या तारेत अधिक घट सोसली, असा हा व्यवहार होता.

दुसरा उपाय तारांच्या बाजूने केला जातो. उघड्या तारा काढून त्यांच्या जागी जमिनीखालून केबल टाकायची आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे अखंड आवरण चढवून ते ठिकठिकाणी जमिनीशी जोडायचे. रेल्वेच्या बदलत्या क्षेत्रामुळे आतल्या तारांबरोबर या आवरणातही दाब उत्पन्न होतो, आवरणातून प्रवाह वाहू लागतो आणि तो प्रवाह आतल्या तारांत उलटा दाब उत्पन्न करतो. येथे दोन प्रवर्तकत्वांचे एक अपूर्व नाते कामी येते. नळीच्या भिंतीतून सारख्या रीतीने वाहणारा प्रवाह नळीच्या आतल्या पोकळीत क्षेत्र निर्माण करीत नाही, त्याचे सारे क्षेत्र बाहेर असते. त्यामुळे आवरणाच्या प्रवाहाचा जेवढा चुंबकीय अभिवाह, म्हणजे फ्लक्स, आवरणाला वेढतो तेवढाच आतल्या तारेलाही वेढतो. निराळ्या शब्दांत, आवरण व आतली तार यांचे अन्योन्य प्रवर्तकत्व आवरणाच्या स्वप्रवर्तकत्वाइतकेच असते, आणि आतली तार नळीच्या मध्यावर असो की कडेला, या समानतेत फरक पडत नाही.

आवरणाला विद्युत रोध मुळीच नसता तर या समानतेमुळे आतल्या तारेतील दाब पूर्णपणे नाहीसा झाला असता. प्रत्यक्षात उरतो तो आवरणाचा प्रवाह आणि त्याचा रोध यांच्या गुणाकाराइतका दाब. म्हणूनच आवरण चांगल्या वाहकाचे व पुरेसे जाड हवे, आणि त्याचे स्वप्रवर्तकत्व जितके जास्त तितके चांगले. समजा, आवरणाचा रोध किलोमीटरला ०.३ ओम आणि स्वप्रवर्तकत्व २ मिलीहेन्री आहे, तर ५० हर्ट्‌झला आतल्या तारेत मूळ दाबाच्या सुमारे ४३ टक्के उरतात. आवरणावर पोलादी पट्टी गुंडाळून स्वप्रवर्तकत्व दुप्पट केले तर हा आकडा २३ टक्क्यांवर येतो. ॲल्युमिनियमवर पोलादाची पट्टी गुंडाळलेल्या केबली विद्युतीकृत मार्गांवर का दिसतात, याचे उत्तर केवळ मजबुतीत नाही, ते या हिशेबातही आहे. एरवी ज्या स्वप्रवर्तनामुळे गाडीला मिळणारा दाब घसरतो तेच येथे संरक्षणाचे साधन ठरते.

सिग्नल व्यवस्थेलाही ही सीमा ओलांडताना वेगळे नियम लागत. गाडी रुळावर आहे की नाही हे ओळखण्यासाठी रुळांच्या तुकड्यातून एक क्षीण प्रवाह खेळवला जातो. दिष्ट पद्धतीच्या भागात तो प्रत्यावर्ती ठेवावा लागे आणि प्रत्यावर्ती पद्धतीच्या भागात दिष्ट, जेणेकरून ओढकामाच्या प्रवाहाला सिग्नलचा रिले चुकूनही भुलू नये. एकाच स्थानकाच्या दोन बाजूंना ही उलटापालट आल्यामुळे इगतपुरीची देखभाल रेल्वेच्या विद्युत आणि सिग्नल या दोन्ही शाखांसाठी कसोटीची होती.

सीमेचा अस्त

दोन्ही पद्धतींवर चालणारी इंजिने आल्यावर इगतपुरीतील इंजिनबदलाची गरज कमी होत गेली. मध्य रेल्वेसाठी भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवलेली डब्ल्यूसीएएम-३ जातीची इंजिने यांपैकी होत. पुढे २००६ मध्ये कसारा घाट २५,००० व्होल्टच्या पद्धतीखाली आला आणि इगतपुरीची सीमा पुसली गेली. दोन पद्धतींमधील सीमा मुंबईच्या दिशेने टप्प्याटप्प्याने मागे सरकत राहिली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह बंद झाल्यावर भारतीय मुख्य रेल्वेवरून ती पद्धतच निवृत्त झाली. प्रत्येक टप्प्यावर रूपांतराआधी सिग्नलची मंडले व केबली यांची तयारी करावी लागली, कारण जी तार आजवर शांत होती ती बदलानंतर शेजाऱ्यांच्या मंडलात बोलू लागणार होती.

या काळात शेजारीही बदलले. खांबांवरच्या उघड्या तारांची जागा प्रकाशतंतूंनी घेतली, आणि काचेच्या तंतूत वाहून नेण्यासारखा विद्युत प्रवाहच नसल्यामुळे त्यावर अन्योन्य प्रवर्तनाचा परिणाम होत नाही. त्यामुळे नव्या विद्युतीकरणात बूस्टर रोहित्रे व परतीची तार यांची गरज मोठ्या प्रमाणावर संपली, आणि जो जादा संरोध केवळ शेजाऱ्यासाठी सोसला जात होता तोही वाचला. मात्र तांब्याच्या सिग्नल केबली, लोहमार्गालगतच्या नळवाहिन्या आणि उच्चदाब वीजवाहिन्यांजवळचे दूरसंचार मार्ग यांसाठी हा हिशेब आजही करावा लागतो. नवी उच्चदाब वाहिनी टाकताना वीज व दूरसंचार यांच्या समन्वय समितीची संमती घ्यावी लागते ती याच कारणाने.

या इतिहासावरून एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो. पाठ्यपुस्तकांत स्वप्रवर्तन आणि अन्योन्य प्रवर्तन ही लागोपाठची दोन कलमे म्हणून येतात आणि विद्यार्थी त्यांची दोन वेगळी सूत्रे पाठ करतात. लोहमार्गावर ही फारकत टिकली नाही. तेथे एक राशी कमी करायला गेले की दुसरी वाढली, आणि केबलीच्या आवरणात तर दोन्ही समान असण्यावरच सारे संरक्षण उभे राहिले. नॉयमान आणि मॅक्सवेल यांनी कागदावर दाखवलेली एकता अभियंत्यांना खर्चाच्या ताळेबंदात मान्य करावी लागली. रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी भारतीय रेल्वे विद्युत अभियांत्रिकी संस्था १९८८ पासून नाशिक रोड येथेच आहे. जिल्ह्यातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांनीही हा विषय शिकवताना परदेशी उदाहरणांआधी कसारा ते मनमाड या मार्गाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. सूत्रातील प्रत्येक अक्षराला त्यांच्या ओळखीच्या जमिनीवरचा अर्थ त्यातून मिळेल.